घरीच मागचं चाक काढायचंय, गाडी उचलायची कशी? (हिमालयन, सोसायटीचं पार्किंग, माणूस एकटा)

घाटवाट
नमस्कार मंडळी. माझी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ बीएस६. तारांची चाकं आणि ट्यूबवाले टायर, त्यामुळे पंक्चर म्हटलं की चाक खोलणं आलंच. आमचा पंक्चरवाला नुसतं चाक नेऊन दिलं तर अर्ध्या तासात करतो, गाडीसकट गेलं की "संध्याकाळी बघू", कारण हाताखाली पोरगा नाही. आणि १९९ किलोचं धूड बसलेल्या टायरवर दीड किलोमीटर ढकलायचं म्हणजे टायर, ट्यूब आणि माझी कंबर तिन्ही एकदम जाणार.

म्हणून गेल्या रविवारी म्हटलं घरीच काढू. मेन स्टँडवर घेतली, मागच्या अ‍ॅक्सलचा (चाकाच्या मधून आरपार जाणारा दांडा) नट काही हलेना, मग पान्ह्याला हातभर पाईप लावला आणि पाय रोवून ओढला. नट नाही हलला, गाडी हलली. स्टँडवरून पुढे उतरली आणि डावीकडे शेजारच्या काकांच्या स्कूटरवर आडवी. माझा आरसा, त्यांचा इंडिकेटर आणि दोन घरांमधलं बोलणं, एवढं नुकसान. पाय थोडक्यात वाचला.

पंक्चर अजून तसंच आहे. आता जॅक घेऊ की पॅडॉक स्टँड (मागून लावून दांडा दाबला की मागचं चाक उचलणारा सुटा स्टँड) घेऊ की गप पंक्चरवाल्याच्या पाया पडू? पार्किंगला पेव्हर ब्लॉक आहेत आणि गेटकडे थोडा उतार.

नट_पडली_गटारात
पहिलं काकांना इंडिकेटर आणून द्या :)

पान्हा_चौदा_पंधरा
घाटवाट, सांगलीकडं आमचं छोटं गॅरेज होतं, वीस-बावीस वर्षं हेच केलंय म्हणून लिहितो. तुमची चूक गाडी उचलण्यात झालीच नाही. उचलताना गाडी क्वचित पडते, उचलून झाल्यावर आपण तिच्याशी कुस्ती खेळतो तेव्हा पडते. अ‍ॅक्सलचा नट हा दोन्ही चाकं जमिनीवर असताना ढिला करायचा. पूर्ण काढायचा नाही, फक्त करकचलेला सुटला पाहिजे, मग हाताने फिरेल इतपत ठेवून द्यायचा. साईड स्टँडवर गाडी, पहिला गिअर, पुढचा ब्रेक बांधलेला आणि पलीकडून कुणीतरी धरलेली. चाक हवेत गेल्यावर जोर लावायचं एकही काम उरता कामा नये.

दुसरं, मेन स्टँड मिटतो कसा ते एकदा खाली वाकून बघा. तो मागच्या अंगाला मिटतो, म्हणजे गाडी चार बोटं पुढं सरकली की स्टँड गेलाच. तुम्ही पाईप पुढं ओढला असणार, गाडी आपसूक उतरली. म्हणून आम्ही काय करायचो, पुढचं चाक सरळ भिंतीला टेकवून उभी करायची. भिंत नसेल तर चाकापुढं मोठा दगड किंवा लाकडाचा ठोकळा. आणि स्टँडचा आडवा दांडा पुढच्या बाजूला इंजिनापुढच्या फ्रेमच्या पाईपला जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधायचा, की स्टँड मागं जाऊच शकत नाही. पट्टी चांगली ताणून दोन-तीन वेढे. सायलेन्सरचा बेंड तिथूनच जातो, गाडी गार झाल्याशिवाय बांधू नका नाहीतर रबर चिकटून बसेल.

उतार असला तर गाडीचं तोंड उताराकडं कधीच नाही. तुमचं तोंड गेटकडं होतं ना?

घाटवाट
हो. तोंड गेटकडंच होतं. आणि पाईप पुढेच ओढला :(

चष्म्याचा_नंबर
पान्हासाहेबांच्या म्हणण्यात थोडी भर, निवृत्त माणूस आहे त्यामुळे वेळ भरपूर आहे. नट सोडवताना जोर आडवा लागला की गाडी ढकलली जाते, जोर खाली लागला की गाडी जमिनीत दाबली जाते. म्हणून पान्हा असा बसवा की आपण तो खाली दाबू. नट उजव्या बाजूला असेल तर पान्ह्याचा दांडा मागच्या दिशेला आडवा ठेवून खाली दाबा. नट डाव्या बाजूला असेल तर दांडा पुढच्या दिशेला ठेवून खाली दाबा. दोन्ही वेळेला नट सुटायच्या दिशेलाच फिरतो, सरळ आट्यांचा आहे असं धरून. कागदावर चाक काढून बघा, पटेल.

पाईप लावण्यात गैर काही नाही. पाव मीटरच्या पान्ह्याला पाऊण मीटरचा दांडा झाला तर तेवढ्याच कामाला एक तृतीयांश जोर पुरतो, आणि कमी जोर म्हणजे गाडीला धक्का कमी. फक्त ओपन पान्हा नको, घसरतो आणि नटाचे कोपरे खातो. रिंग पान्हा किंवा बॉक्स. दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्सलचं डोकं फिरत असेल तर तिथे दुसरा पान्हा धरायला विसरू नका, नाहीतर नट आणि अ‍ॅक्सल दोघं मिळून गोल फिरत बसतात आणि आपण म्हणतो किती जाम झालंय.

केटीएम_पण_हळू
माझ्या ड्यूक २०० ला मेन स्टँडच नाही, त्यामुळे मी पहिल्या वर्षीच पॅडॉक घेतला. आणि ज्यांना वाटतंय की जॅक लावू त्यांच्यासाठी, जुन्या ड्यूकचा सायलेन्सर इंजिनाच्या खालीच आहे, तिथे कारचा जॅक लावला की सगळ्यात आधी तोच चेपतो. विचारू नका मला कसं माहीत.

पॅडॉकमध्ये दोन प्रकार येतात. एकाला एल आकाराचे रबरी हात असतात, ते चिमट्याच्या म्हणजे स्विंगआर्मच्या (मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारे हात) खाली टेकतात. दुसऱ्याला व्ही आकाराच्या खाचा असतात, त्या चिमट्यात बसवलेल्या बॉबिनला (बोल्टाने बसवायची रिळासारखी गुंडी) अडकतात. बॉबिनवाला जास्त पक्का, गाडी बाजूला घसरत नाही, पण चिमट्यात बॉबिनसाठी आटे असले पाहिजेत आणि बोल्टाचा माप बरोबर पाहिजे. रबरवाला कुठल्याही गाडीला लागतो असं दुकानदार म्हणतो. लागतो, पण चिमट्याची खालची बाजू सपाट असेल तर. गोल पाईपचा चिमटा असेल तर रबर सरकतं, चेन अ‍ॅडजस्टरच्या बोल्टावर टेकलं तर तेही वाईट. आणि लावताना ऑईल-चिखल पुसून घ्या आधी.

एकट्याने लावायचा तर साईड स्टँड खाली राहू द्यायचा. गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहून एका हाताने मागचं हँडल धरून गाडी सरळ करायची, दुसऱ्या हाताने पॅडॉक पुढे सरकवायचा, दोन्ही बाजू बसल्यात का ते वाकून बघायचं, दोन्ही बाजू, आणि मग दांडा खाली. मी एकदा उजवी बाजू न बघता दाबला. उजवा हात बसलाच नव्हता, गाडी अर्धी वर गेली आणि तिकडे कलली, साईड स्टँड काय उपयोगाचा, तो डावीकडे! तेव्हापासून पहिल्यांदा लावणाऱ्याला मी सांगतो, माणूस बोलवा. चहा पाजा, पण बोलवा.

दुचाकीवाली_मावशी
मी ५२ किलोची, गाडी जुनी क्लासिक ३५०, आणि घरात मदतीला सासूबाई, त्या फक्त "पडेल गं" म्हणतात. तरी मेन स्टँडवर मीच घेते. बहुतेक पुरुष मंडळी गाडी हाताने उचलायला जातात आणि पाठ धरून बसतात. हात फक्त दिशेला, काम पायाचं. डावा हात हँडलला, उजवा हात सीटखालच्या दांड्याला, उजवा पाय स्टँडच्या पायट्यावर. आधी गाडी सरळ करत करत स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेत हे तळव्याला कळलं पाहिजे, एक टेकला आणि एक नाही असं असेल तर परत पहिल्यापासून. मग त्या पायावर पूर्ण उभं राहायचं, जिना चढल्यासारखं. गाडी आपोआप मागे-वर जाते. चपला नकोत, बूट.

आणि घाटवाट, तुम्हाला पुढची अडचण येणार आहे ती आधीच सांगते. मेन स्टँडवर चाक जमिनीपासून बोट-दोन बोटच वर असतं. नट काढलात, अ‍ॅक्सल ओढलात, चाक खाली पडलं, आणि मग ते मडगार्डखालून बाहेर येतच नाही. मग लोक गाडी तिरकी करतात आणि तिथे सगळं बिनसतं. त्यासाठी प्लायवूडचे सारख्या जाडीचे दोन तुकडे घ्या, सुताराकडे १८ मिलिमीटरचे कचऱ्यात पडलेले असतात. एक तुकडा मागच्या चाकाखाली, दुसरा स्टँडचे पाय जिथे टेकतात तिथे, चांगला रुंद. गाडी ढकलून मागचं चाक पहिल्या तुकड्यावर चढवा, मग नेहमीसारखी स्टँडवर घ्या. चाक आणि स्टँड दोन्ही सारखेच उंच झालेत त्यामुळे चढवायला जास्त जोर लागत नाही. स्टँडवर आली की चाकाखालचा तुकडा काढून घ्या. १८ मिलिमीटर फुकट मिळाले. पेव्हर ब्लॉकवर तर हा तुकडा पाहिजेच, एखादा ब्लॉक खाली दबला की स्टँड तिरका होतो. मोजताना एक लक्षात ठेवा, गाडी स्टँडवर घेताना थोडी मागे सरकते, स्टँडखालचा तुकडा त्या हिशोबाने मागेपर्यंत गेला पाहिजे.

चष्म्याचा_नंबर
ताई, उत्तम युक्ती. तुकडे एकावर एक रचून दुप्पट उंची करायचा मोह मात्र टाळावा, ते आपसात सरकतात.

पडवीतला_झोपाळा
आमच्याकडे रत्नागिरीला मी सोपं करतो. पडवीत झोपाळ्याची कडी आहे, झोपाळा काढून ठेवतो, कडीला दोरी टाकून गाडीची शेपटी वर घेतो. चाक हवेत, खाली काहीच अडचण नाही, आरामात पाट घेऊन बसून काम.

नट_पडली_गटारात
फॅनच्या हुकाला चालेल का

चष्म्याचा_नंबर
नाही. नाही. आणि नाही. फॅन चार-पाच किलोचा असतो. गाडीचं मागचं अर्धं वजन धरलं तरी नव्वद-शंभर किलो होतं.

झोपाळ्याच्या कडीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. कडी चार माणसांचं वजन घेते हे खरं, पण ती वाशाला आहे की भालाला म्हणजे मोठ्या तुळईला, किती वर्षांची, वाळवी लागलीय का, हे बघितलंत का? शिवाय दोरी कशाला बांधलीत, मागच्या हँडलला? ते दोन-तीन छोट्या बोल्टांवर असतं, काही गाड्यांना प्लास्टिकचं असतं. आणि टांगलेली वस्तू फिरते. नट सोडवायला जोर लावलात की गाडी झोपाळ्यासारखीच झुलणार, नावाप्रमाणे.

पडवीतला_झोपाळा
काका, सागवानी भाल आहे, आजोबांच्या वेळचं, त्यावर आम्ही सात पोरं एकदम बसायचो. पण झुलते हे खरं आहे. मागच्या वेळी चाक परत बसवताना एका हाताने गाडी धरायची आणि दुसऱ्याने अ‍ॅक्सल, तीन हात कमी पडले.

पान्हा_चौदा_पंधरा
टांगायचंच असेल तर वजन स्टँडवर असू द्या आणि दोरी नुसती सावरायला. म्हणजे मेन स्टँडवर गाडी, वरून दोरी सीटखालच्या फ्रेमच्या लोखंडी पाईपला, जेमतेम ताण. पडायला लागली तर दोरी धरेल. नायलॉनची रस्सी ताणली जाते, सुतळीचा तर विषयच नको, टेम्पोवाले माल आवळायला वापरतात तो रॅचेटचा पट्टा बरा.

बीएस३_जिंदाबाद
एवढं कशाला, कारचा जॅक इंजिनाखाली, वर लाकडाचा तुकडा, दोन मिनिटांत गाडी वर. मी कायम करतो, काही होत नाही.

पान्हा_चौदा_पंधरा
होत नाही तोवर होत नाही. आमच्याकडं असा चेंबर (इंजिनाचं खालचं कवच) फुटून आलेल्या गाड्या मी स्वतः उतरवून घेतल्यात. कुठली गाडी आहे ते बघा. मावशींच्या जुन्या क्लासिकला इंजिनाखाली फ्रेमचा पाईपच नाही, इंजिन हाच फ्रेमचा भाग. तिथं जॅक लावलात की सगळं वजन अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरवर, त्यात ऑईल काढायचा बोल्ट तिथंच कुठंतरी. हिमालयनला खाली पत्रा आहे पण तो दगडापासून वाचवायला, गाडी पेलायला नाही. ज्या गाडीला खालून दोन पाईप जातात तिथं दोन्ही पाईपांवर टेकेल असा जाड आडवा ओंडका घेऊन जॅक लावला तर चालतं. पण कारच्या कात्री जॅकचं डोकं असतं चार बोटांचं आणि गाडी त्यावर डोलते. विटा तर अजिबात नकोत. उभा भार घेतील, आडवा धक्का बसला की दोन तुकडे.

बीएस३_जिंदाबाद
बरं बाबा. माझ्या डिस्कव्हरला खाली दोन पाईप आहेत, ओंडका घालतो.

कोल्हापूर_फाटा
भावा, सगळं खरं हाय पण रस्त्यात पंक्चर झाली आणि गाडीला मेन स्टँडच न्हाई तर काय करायचं ते कुणीच सांगंना. गगनबावड्याच्या घाटात मी आणि मित्र असं अडकलो होतो. गाडी साईड स्टँडवर, मित्रानं स्टँडच्या बाजूला म्हणजे डावीकडं ओढून धरली, मागचं चाक उचललं की मी उजवीकडनं चिमट्याखाली काठीचा टेकू दिला. पुढचं चाक, साईड स्टँड, टेकू, तीन पायाची तिवई झाली. पुढचा ब्रेक ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधलेला, ते पहिलं. काठी बाभळीची, खाली दगड लावून. नट अर्थातच आधी सोडवलेला. चाक निघालं, पण मित्र शेवटपर्यंत गाडी धरूनच उभा होता, त्याला सोडू दिला न्हाई मी.

केटीएम_पण_हळू
हे भारी आहे. एक भर, मागचं चाक उचललं की गिअरचा काही उपयोग राहत नाही. पुष्कळ जण पहिल्या गिअरमध्ये टाकून निवांत होतात. गिअर मागच्या चाकाला धरतो, पुढचं मोकळंच. त्यामुळे पुढचा ब्रेक लिव्हर बांधणे हे मेन स्टँड, पॅडॉक, टेकू सगळ्याला लागू.

आजच_शिकतोय
माझी स्प्लेंडर आहे, ११२ किलोची, तिला पण एवढं सगळं करायचं का? आणि चेन काढावी लागते का?

पान्हा_चौदा_पंधरा
वजन कमी म्हणून भिंत आणि ब्रेक टाळू नका, बाकी स्प्लेंडर देवमाणूस गाडी. चेनच्या बाजूला दोन नट दिसतील, बाहेरचा अ‍ॅक्सलचा आणि त्यामागं मोठा स्लीव्हचा. मोठ्याला हात लावायचा नाही. फक्त बाहेरचा काढून अ‍ॅक्सल ओढलात की चाक स्प्रॉकेटपासून (चेनचं दातेरी चक्र) सुटून बाहेर येतं, चेन आणि तिचं सेटिंग जागच्या जागी. ब्रेक ड्रमचा असल्याने ब्रेकच्या सळईचा नट आणि ड्रमच्या प्लेटला धरणारी पट्टी, तिचा बोल्ट, हे दोन्ही आधी सोडवा. परत लावताना ती पट्टी विसरलात तर पहिल्या ब्रेकला अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होतं. तिचा बोल्ट आणि पिन दोनदा बघा.

अजून एक, धाग्यात कुणी बोललं नाही म्हणून. गाडी स्टँडवर आहे तर चालू करून गिअर टाकून चेनला कपडा धरणारे महाभाग असतात. कपड्याबरोबर बोट जातं. चेन हातानेच चाक फिरवून पुसायची.

घाटवाट
मंडळी, झालं! आज सकाळी काढलं. थोडं लांबण लावून सांगतो.

गाडी उलटी फिरवली, पुढचं चाक पार्किंगच्या आतल्या भिंतीला. पुढचा ब्रेक पंक्चरवाल्याकडून फुकट आणलेल्या ट्यूबच्या पट्टीने बांधला. नट जमिनीवर असतानाच, बहिणीने पलीकडून गाडी धरली होती, चष्मेकाकांनी सांगितलं तसा पान्हा आडवा करून नुसता खाली दाबला. कटकन आवाज आला, मला वाटलं पान्हा तुटला, पण नट सुटला होता. गाडी जागची हलली नाही!! हाच नट, हाच पाईप, मागच्या रविवारी मी त्याच्याशी अर्धा तास भांडत होतो.

मग दोन प्लायवूड, मेन स्टँड, स्टँड पुढे बांधला. चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवले, बुश (अ‍ॅक्सलवर चढणारी छोटी नळी) कुठला कुठल्या बाजूला त्याचेही. अ‍ॅक्सल बाहेर, चाक खाली, पुढे ढकलून चेन स्प्रॉकेटवरून उतरवली, आणि मागे ओढलं तर मडगार्डला जेमतेम खेटून बाहेर आलं. टायर बसलेला होता म्हणून आलं असं वाटतंय, हवा भरून परत घालताना घासाघासी झाली. त्यामुळे पुढच्या वेळी २५ मिलिमीटरचा तुकडा.

गोंधळ एकच. मी चाक घेऊन पंक्चरवाल्याकडे गेलो तेवढ्यात भाच्याने गाडीवर बसायचा हट्ट धरला, बहिणीने बसू दिलं नाही (थँक गॉड), तर त्याने खाली बसून मागच्या ब्रेकचा पायटा हाताने दाबला. डिस्क नाही मध्ये, दोन्ही पॅड एकमेकांना चिकटले. आल्यावर बघतो तर डिस्क आत जाईना. शेवटी चपट्या लाकडी पट्टीने हळूहळू मागे ढकलले.

केटीएम_पण_हळू
चाक काढल्याबरोबर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी घालून ठेवायची. आणि असे मागे ढकलल्यावर गाडी चालवायच्या आधी पायटा पाच-सहा वेळा दाबून कडक लागतोय का बघितलंस ना? पहिले दोन-तीन दाब पोकळ जातात. ते गेटजवळ कळलं तर उशीर होतो.

घाटवाट
बघितलं. चौथ्याला लागला.

दुचाकीवाली_मावशी
आणि बसवताना चाक उचलून धरायला त्रास झाला का? मी जमिनीवर बसते आणि बुटाचं टोक टायरखाली घालते, टाच टेकवून पाय वर-खाली केला की भोकं बरोबर समोर येतात, अ‍ॅक्सल हाताने आत जातो. हातोडी मारावी लागत असेल तर काहीतरी सरळ नाहीये असं समजायचं.

घाटवाट
ताई, हे आधी सांगायचंत. मी पोटावर झोपून एका हाताने चाक उचलत होतो, काका गॅलरीतून बघत होते. शेवटी त्यांनाच दया आली, खाली येऊन चाक धरलं. इंडिकेटर बुधवारीच आणून दिला होता त्यामुळे वातावरण बरं होतं. नट शेवटचा आवळला तो परत चाकं जमिनीवर आल्यावर, चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे तपासून.

चष्म्याचा_नंबर
शाब्बास. ५०-६० किलोमीटर चालवून झाल्यावर नट आणि तारा एकदा परत बघा.

पडवीतला_झोपाळा
तुमचं वाचून मी पण दोरी सावरायला आणि वजन स्टँडवर असं करून बघितलं, खरंच हलत नाही गाडी. फक्त स्प्रॉकेटसाठी हब दुकानात दिलाय, तो गुरुवारी मिळेल, तोवर गाडी तिथेच उभी आहे. आईने तिसऱ्यांदा विचारलं, झोपाळा कधी लावणार. पाहुणे शनिवारी येतायत.